जुन्या ट्रकचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लीक मारतोय? पॅकिंग बदलण्याआधी हे बघा

सकाळी सेल्फ मारला की इंजिनच्या एका बाजूने टिक-टिक-टिक असा कोरडा आवाज येतो. गाडी तापली की आवाज दबतो, कधी पूर्ण बंदही होतो. मग भरल्या गाडीने चढ लागला की तिथूनच फट-फट सुरू. जुन्या डिझेल ट्रकमध्ये असं झालं की बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाईपात सोडणारा भाग) आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) यांच्या सांध्यातून गॅस निसटत असतो. या सांध्यात जे दाबून बसवतात ते पॅकिंग.

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात मिस्त्रीला हा आवाज ऐकवला तर उत्तर ठरलेलं: "पॅकिंग उड गया है भैया, बदल देते हैं." दोन-तीन तासांत नवं पॅकिंग बसतं, आवाज जातो, मालक पैसे देऊन मोकळा होतो. आणि सेंधव्याकडचा बिजासन घाट काही वेळा चढून-उतरून झाला की तोच आवाज परत. याचं कारण साधं आहे. पॅकिंग जळालेलं होतं हे खरं, पण ते कशामुळे जळालं हे कोणी बघितलंच नाही. मॅनिफोल्ड वाकलेला असतो, किंवा स्टडांचा (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे, ज्यांवर नट आवळून मॅनिफोल्ड धरतात) ताण गेलेला असतो, किंवा सायलेन्सरच्या पाईपचं सगळं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळत असतं. यातलं जे असेल ते काढलं नाही तर पॅकिंग कितीही भारी आणा, टिकणार नाही.

हा लेख टाटा 1210, 1613, 407, पीथमपूरच्या जुन्या आयशर, लेलँडची जुनी इंजिनं अशा साध्या डिझेल पंपाच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. स्वतः काम करणाऱ्याला तो उपयोगी पडेलच, पण मिस्त्रीकडून काम करून घेताना शेजारी उभं राहून काय बघायचं हे कळण्यासाठीही वाचा.

पॅकिंग जळतं कशाने

बीड (कास्ट आयर्न) तापलं की वाढतं. 70 सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड 30 अंश सेल्सिअसवरून 430 अंशांवर गेला की साधारण 3 मिलिमीटरने लांब होतो, आणि भरल्या गाडीने घाट ओढताना एवढं तापमान सहज होतं. हेडमधून मात्र पाणी फिरत असतं. ते शंभर अंशांच्या आसपास राहतं आणि तेवढ्याच लांबीत जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. म्हणजे दर घाटाला मॅनिफोल्ड हेडच्या तोंडावर दोन-अडीच मिलिमीटर सरकतो, गाडी थंड झाली की परत जागेवर येतो. मधला भाग फारसा हलत नाही, हालचाल सगळी दोन्ही टोकांना. म्हणूनच पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरचे स्टड आधी तुटतात, आणि म्हणूनच टोकाकडची भोकं स्टडपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात.

हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं काम समजायला सोपं जातं. मॅनिफोल्ड घट्ट बसला पाहिजे, पण त्याला सरकताही आलं पाहिजे. नट लांब पाईप लावून ताकदीने आवळले, टोकाच्या भोकात जाड बोल्ट ठोकून बसवला, सांध्यात चिकट पेस्ट थापली, की मॅनिफोल्डला सरकायला जागा उरत नाही. मग तो एक तर मधून कमान होतो किंवा तडकतो.

तडकण्याचं दुसरं कारण म्हणजे पाणी. लांबून आलेली गाडी थेट वॉशिंगला लावतात आणि तापलेल्या इंजिनवर प्रेशरने पाणी मारतात. बिडाला हा झटका सोसत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढतानाही हेच होतं, पण तिथे इलाज नसतो. वॉशिंगच्या वेळी तासभर थांबणं मात्र आपल्या हातात आहे.

चालवत राहिलं तर काय होतं

पुष्कळ जण आवाजाची सवय करून घेतात. हे मला अजिबात पटत नाही, कारण इथे प्रश्न फक्त आवाजाचा नाही. मॅनिफोल्ड ज्या गाडीत केबिनच्या खाली किंवा केबिनमधल्या इंजिन बॉक्सखाली असतो, तिथे गळलेला धूर बॉक्सच्या फटीतून सरळ ड्रायव्हरच्या तोंडाशी येतो. पेट्रोलच्या मानाने डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड कमी असतो, पण असतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, रात्रीच्या गाडीला नेहमीपेक्षा जास्त गुंगी येणं, याला ड्रायव्हर जागरण समजतो. थंडीत इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपायची सवय असेल तर लीक असलेल्या गाडीत ती ताबडतोब बंद करा.

दुसरा धोका आगीचा. निसटणारा गॅस एका बारीक झोतासारखा एकाच जागी लागत राहतो. त्या समोर वायरिंग असेल तर वायरचं रबर वितळतं, डिझेलची रबरी नळी असेल तर ती कडक होऊन तडकते. टर्बोच्या गाडीत आणखी एक नुकसान: टर्बोला फिरवणारा गॅसच आधी निघून गेला की हवा कमी भरते, गाडी काळा धूर टाकते, चढावर ओढत नाही आणि डिझेल जास्त खाते. मग मालक पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) तपासायला निघतो.

लीक नक्की कुठे आहे

आधी आवाज ओळखायचा. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये एका सिलिंडरचा एक्झॉस्ट दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. 600 आरपीएमच्या आयडलला (रेस न देता, मिनिटाला 600 फेऱ्या) एकाच पोर्टची (सिलिंडरमधून धूर बाहेर पडायचं तोंड) गळती सेकंदाला 5 वेळा टिक करेल. गोंधळ इथेच होतो, कारण ढिला टॅपेटही (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) नेमका याच लयीत वाजतो. फरक असा, की टॅपेटचा आवाज धातूवर धातू आपटल्यासारखा असतो आणि भार आल्याने त्यात फार फरक पडत नाही. लीकचा आवाज रेस दिली, भार आला की मोठा आणि फुसफुसता होतो.

मग डोळ्यांनी. टॉर्च घेऊन प्रत्येक पोर्टच्या कडेला बघा. गळतीच्या जागी काजळीची काळी लकेर पसरलेली दिसते. फार दिवसांची असेल तर तिथलं बीड राखाडी, भाजल्यासारखं झालेलं असतं. काजळी जर नोझलच्या बुडाशी असेल तर मॅनिफोल्डला हात लावू नका, नोझलखालचं तांब्याचं वॉशर गेलेलं आहे.

काजळी दिसत नसेल तर उदबत्ती लावा. इंजिन थंड असताना चालू करून पेटती उदबत्ती सांध्याच्या कडेने सावकाश फिरवायची. जिथे धुराची सरळ रेघ अचानक उडते, तिथे गळती. रेडिएटरचा पंखा त्रास देतो, म्हणून पुठ्ठा आडवा धरायला एक माणूस लागेल. उदबत्ती लावण्याआधी आसपास डिझेल सांडलेलं किंवा झिरपत नाही हे बघून घ्या. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं सांध्याजवळ फिरवलं तरी नेमका पोर्ट सापडतो.

पूर्ण खात्री करायची असेल तर थंड, बंद इंजिनवर साबणाचं पाणी. सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची नळी घालून भोवती फडकं गुंडाळा, हवा सोडा आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर, सायलेन्सरच्या पाईपच्या फ्लँजवर (नट-बोल्टने जोडायची चपटी कड) साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतात ती जागा खडूने खूण करून ठेवा. तापलेल्या बिडावर हे करायचं नाही.

साध्या पंपाच्या इंजिनवर एक जुनी युक्ती अजून चालते. इंजिन आयडलला असताना एकेका नोझलच्या पाईपचा नट किंचित ढिला करायचा. त्या सिलिंडरमध्ये जळणं थांबतं, आणि लीक तिथलाच असेल तर टिक-टिक एकदम मऊ होते. डोळ्यांना चष्मा हवा, नटावर फडकं हवं, आणि इंजिन नुकतंच चालू केलेलं, मॅनिफोल्ड थंड असतानाच हे करायचं; तापल्यावर डिझेल वर पडलं तर पेट घेईल. कॉमन रेलच्या गाडीत (जिथे सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार मोठ्या प्रेशरने डिझेल जातं) हा प्रयोग कधीही करू नका. तिथलं प्रेशर कातडी फाडून आत जातं.

खोलण्याची तयारी

काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना ठोकळे लावा, आणि इंजिन हाताला सोसेल इतकं थंड झालं की प्रत्येक नटावर, स्टडच्या मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारा स्प्रे मारा. झोपायच्या आधी एकदा, सकाळी उठल्यावर एकदा. नुसतं डिझेल टाकूनही फरक पडतो, पण हळू. सगळ्या कामात हा वेळ सर्वांत स्वस्त आहे. इथे घाई केली की स्टड तुटतो आणि अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.

सामान म्हणाल तर 13 आणि 17 नंबरचे गोटी पाने आणि रिंग पाने (8 एमएम आणि 10 एमएमच्या स्टडांना बहुतेक हेच लागतात), एक्स्टेन्शन, टॉर्क पाना, वायर ब्रश, पितळी किंवा बोथट स्क्रेपर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), एक खात्रीची सरळ पट्टी, आणि पोर्टमध्ये कोंबायला स्वच्छ फडकी. गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. इंदूरच्या सियागंज बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. सरळ पट्टीसाठी मात्र शाळेच्या फूटपट्टीवर विसंबू नका. लेथवाल्याकडून घासलेल्या पोलादाची पट्टी मागून आणा.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. केबिन उलटणारी गाडी असेल तर लॉकचा दांडा बसला आहे हे स्वतः हाताने हलवून बघा, दुसऱ्याच्या शब्दावर खाली जाऊ नका.

नट सोडवणं

आधी सायलेन्सरचा पाईप मॅनिफोल्डपासून वेगळा करा आणि तो तारेने चॅसिसला बांधा किंवा खाली जॅक द्या. टर्बो असेल तर त्याच्या ऑईलच्या नळ्या सोडून तोंडं स्वच्छ फडक्याने बंद करा. एअर फिल्टरचा पाईप, उष्णतेचा पत्रा, जे आड येतं ते बाजूला. काही इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात आणि काही नट दोघांनाही धरतात, म्हणून खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नट टोकांकडून मध्याकडे सोडवत यायचे. पहिला जोर सोडवायच्या दिशेने लावू नका. आधी केसभर आवळा, म्हणजे गंजाची पकड तुटते, मग सोडवा. पाव फेरी सुटला की स्प्रे मारा, परत आवळा, परत सोडवा. हाताला फरक कळतो: सुटणारा नट एकदम 'कट' करून हलतो आणि मग सरळ फिरतो. पाना फिरतोय पण जोर रबरासारखा लवचीक लागतोय, असं वाटलं तर थांबा. नट फिरत नाहीये, स्टड पिळला जातोय. अजून एक अष्टमांश फेरी दिलीत तर तो हेडच्या तोंडाशी तुटेल.

अशा नटाला गॅसने तापवायचं, स्टडला नाही. नट लाल होईपर्यंत झोत नटावरच ठेवा, थोडं निवू द्या आणि आट्यांवर मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं आणि पुष्कळदा नट पान्याला मान देतो. त्याआधी डिझेलच्या नळ्या बाजूला केलेल्या असाव्यात, आदल्या रात्रीचा स्प्रे पुसलेला असावा, आणि ओलं पोतं व वाळूची बादली हाताशी असावी. तरीही नट ऐकत नसेल तर छिन्नीने किंवा छोट्या ग्राइंडरने नट उभा चिरून काढा. नट काही रुपयांचा आहे, हेडमधला स्टड वाचला पाहिजे.

स्टड तुटलाच तर

तुकडा थोडा बाहेर असेल तर सगळ्यात चांगला उपाय वेल्डिंगचा. तुकड्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्ड भरायचं, लालसरपणा गेला की गरम असतानाच पाना लावून हळूहळू मागे-पुढे फिरवायचं. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होतं. पहिल्यांदा नट निघून आला तर दुसरा लावा, धीर सोडू नका.

तुकडा तोंडाशी सपाट तुटला असेल तर ड्रिलिंग. सगळं यश बिट मधोमध जाण्यावर आहे. बिट एका बाजूला सरकलं की ते मऊ बिडात घुसतं आणि कडक स्टड तसाच राहतो. म्हणून मॅनिफोल्डच परत जागेवर धरून, त्याच्या भोकात नेमकी बसेल अशी बुश लेथवर करून घ्या आणि तिच्यातून ड्रिल मारा. बिटावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. काही इंजिनांत या भोकांच्या मागे पाण्याचं जॅकेट असतं. तिथे नवीन स्टडच्या हेडकडच्या आट्यांना सीलंट लावावंच लागतं.

एक्स्ट्रॅक्टर (तुकड्यात भोक पाडून त्यात घुसवून तो उलटा फिरवून काढायचं हत्यार) वापरायचाच असेल तर फार जपून. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही, आणि मग हेड उतरवण्याची वेळ येते. मी तर ड्रिल करून आटेच नव्याने पाडणं पसंत करतो: 8 एमएमच्या 1.25 पिचच्या आट्यांना 6.8 एमएम ड्रिल, 10 एमएमच्या 1.5 पिचला 8.5 एमएम. जुने आटेच गेले असतील तर हेलिकॉइल (भोकात बसवायची, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. कोणी 'थोडा मोठा बोल्ट ठोकतो' म्हणालं तर नको म्हणा. मॅनिफोल्डच्या भोकात मोठा बोल्ट अडकला की सरकायची जागा गेली.

मॅनिफोल्ड टेबलावर

हेडच्या पोर्टमध्ये आधी फडकी कोंबा, मग घासायला घ्या. काजळीचा खडा व्हॉल्व्हखाली गेला किंवा टर्बोत गेला तर जे नुकसान होईल त्यापुढे हा लीक काहीच नव्हता. जुन्या गाडीचं जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं घासू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. पाण्याने ओलं करून, तोंडाला चांगला मास्क लावून, बोथट स्क्रेपरने काढा आणि ओला कचरा पिशवीत बांधून टाका. हेडच्या तोंडावर ग्राइंडरची पॉलिश डिस्क फिरवायचा मोह होतो, कारण झटपट चकचकीत होतं. पण तिथे पडलेले खड्डे दिसत नाहीत आणि नवं पॅकिंग तिथूनच फुंकतं.

आता चिरा शोधा. सोपी आणि भरवशाची पद्धत खडूची आहे. मॅनिफोल्ड वायर ब्रशने पूर्ण साफ करून अर्धा तास डिझेलमध्ये बुडवा, बाहेर काढून अगदी कोरडा पुसा आणि सगळीकडे पांढरा खडू घासा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल खडू ओढून घेतो, आणि काही मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी ओली, काळपट रेघ उमटते. दोन पोर्टांच्या मधला भाग, सायलेन्सरच्या फ्लँजची मान आणि बोल्टच्या कानांची मुळं, या तीन जागा नीट बघा. मॅनिफोल्ड दोरीला टांगून छोट्या हातोडीने हलकं ठोकूनही बघा. धड असेल तर घणघणतो, तडकलेला असेल तर आवाज बद्द येतो.

चीर सापडली तर माझं मत सरळ आहे: मॅनिफोल्ड बदला. बिडाला साध्या रॉडने वेल्डिंग केलं की शेजारीच नवी चीर जाते. निकेलचा रॉड, आधी भट्टीत तापवणं आणि नंतर राखेत पुरून सावकाश थंड करणं हे नीट जमणारा माणूस असेल तर काम चालतं, पण रोज घाट चढणाऱ्या गाडीवर ते किती टिकेल याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. पितळेचं ब्रेझिंग या तापमानाला मऊ पडतं. जुन्या बाजारातून मॅनिफोल्ड घेत असाल तर खडू आणि सरळ पट्टी सोबत घेऊन जा, दुकानातच तपासा.

वाकलेपणा बघायला सरळ पट्टी उभ्या कडेवर सगळ्या पोर्टांवर लांबीला ठेवा आणि खालून फिलर गेज घालून बघा. मग तिरकी ठेवून बघा. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असेल तर तीच धरा. पुस्तक नसेल तर 0.2 मिलिमीटरची पाती कुठेही आत जात असेल तर मॅनिफोल्ड फेसिंगला (मशीनवर तोंड सपाट करायला) पाठवायचा, असा नियम मी पाळतो. हीच पट्टी हेडवरही ठेवा. हेड सहसा सरळच असतं, पण फार दिवस गॅस फुंकलेल्या पोर्टच्या कडेला बीड खाल्लेलं असू शकतं.

लेथवर नेताना

लेथवाल्याला एवढंच नीट सांगा: "सगळे पोर्ट एकाच सेटिंगमध्ये फेस करा, आणि सरळ होण्यापुरतंच काढा." एकेक पोर्ट वेगळा घासला की प्रत्येकाची पातळी वेगळी होते. मिलिंग किंवा सरफेस ग्राइंडिंग दोन्ही चालतं; हाताने कानस मारलेलं चालत नाही. मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांचा, एकमेकांत सरकणारा असेल तर तुकडे जोडून, जाड प्लेटवर बांधून मगच फेसिंग. ते सरकते सांधे काजळीने जाम झाले असतील तर आधी मोकळे करा, कारण त्यांचं कामच सरकण्याचं आहे. परत आणल्यावर पुन्हा पट्टी लावून बघा, आणि टोकाची लांबट भोकं मोकळी आहेत ना, तेही बघा.

गॅस्केट, स्टड, नट

गॅस्केट, म्हणजे नवं पॅकिंग, पोलादी थरांचं किंवा पोलादी गाभ्यावर ग्राफाइट असलेलं घ्या. साधी शीट कापून घरी केलेलं पॅकिंग पाण्याच्या एल्बोला ठीक आहे, एक्झॉस्टला नाही. ज्या गॅस्केटची एक बाजू पोलादी आणि दुसरी मऊ असते, तिची पोलादी बाजू साधारणपणे मॅनिफोल्डकडे येते, म्हणजे मॅनिफोल्डला तिच्यावर सरकता येतं. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर पाकिटाचं ऐका. जुनं आणि नवं गॅस्केट एकमेकांवर ठेवून पोर्ट जुळतात का बघा. नव्याची कड पोर्टमध्ये आली तर ती जळणारच.

लाल सिलिकॉन पेस्ट लावू नका. तिची सोसायची मर्यादा मॅनिफोल्डच्या तापमानाच्या बरीच खाली असते. ती जळून सांध्यात पोकळी होते, आणि टर्बोच्या गाडीत तिचे तुकडे सरळ टर्बाइनवर जातात.

स्टड सगळे बदला, तुटलेला एकटा नाही. वर्षानुवर्षं तापून-निवून जुने स्टड ताणले गेलेले असतात. नवा एक कडक आणि शेजारचे सैल असले की सगळा भार नव्यावर येतो. त्या गाडीचेच स्टड मागा, बाजारातला कुठलाही बोल्ट कापून घालू नका. नटाखाली जाड वॉशर किंवा बुश असेल तर ती टाकून देऊ नका. त्या बुशमुळे स्टडची ताणली जाणारी लांबी वाढते आणि तापल्या-निवल्यावरही पकड राहते.

बसवणं

हेडमधले आटे टॅप फिरवून साफ करा, हवेने झटका (डोळ्यांना चष्मा). स्टड बसवायला दोन नट एकमेकांवर आवळून वरच्या नटाला पाना लावा. हेडमध्ये स्टड बुडापर्यंत गेला की पुरे, तिथे ताकद नको. नटाकडच्या आट्यांना तांब्याची पेस्ट लावा, पुढच्या वेळी खोलणारा तुम्हाला दुवा देईल.

पोर्टमधली फडकी काढली का? मोजून काढा, जितकी घातली तितकी.

गॅस्केट स्टडांवर अडकवा, मॅनिफोल्ड दोघांनी मिळून सरळ सरकवा आणि सगळे नट हाताने फिरवा. टोकाच्या भोकात स्टड मधोमध दिसला पाहिजे. मग आवळणं मध्यापासून टोकांकडे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, तीन फेऱ्यांत: पहिली निम्म्या जोराने, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. इंजिनच्या पुस्तकातला टॉर्क असेल तर तोच वापरा. नसेल तर 8 एमएमला 20 ते 25 न्यूटन-मीटर आणि 10 एमएमला 40 ते 45 ही सर्वसाधारण मर्यादा आहे. पेस्ट लावलेल्या आट्यांवर खालचा आकडा धरा, कारण नट हलका फिरतो आणि त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

सायलेन्सरचा पाईप

निम्मी परत आलेली कामं इथेच बिघडलेली असतात. पाईप मॅनिफोल्डला लावताना तो ओढून, दाबून, रॉडने ढकलून जुळवावा लागत असेल तर तेवढा ताण कायम मॅनिफोल्डच्या मानेवर राहतो. आधी फ्लँजचे नट हाताने लावा, मग मागचे सगळे क्लॅम्प आणि हँगर सैल करून पाईपला त्याची जागा घेऊ द्या. त्यानंतर फ्लँज आवळा आणि शेवटी हँगर. तुटलेले रबर, तारेने बांधलेले ब्रॅकेट, गायब झालेला क्लॅम्प हे सगळं आजच बदला. इंजिनचे फाउंडेशन रबरही बघा. रबर बसलं असेल तर इंजिन हलताना पाईपला ओढतं, आणि पाईप मॅनिफोल्डला.

पहिला स्टार्ट आणि नंतर

बॅटरी जोडा, टर्बो असेल तर ऑईलच्या नळ्या परत बसवल्या का ते बघा. सेल्फ मारून आयडलला ठेवा. सुरुवातीला पेस्ट आणि स्प्रे जळाल्याचा थोडा धूर आणि वास येईल, तो दहा-पंधरा मिनिटांत जातो. नाही गेला तर कुठे ऑईल पडतंय ते शोधा. सांध्यावर उदबत्ती पुन्हा फिरवून घ्या.

गाडी पूर्ण तापवून रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी नट पुन्हा त्याच क्रमाने, त्याच टॉर्कला तपासा. तापलेल्या इंजिनवर नट आवळायचे नाहीत. काही गॅस्केटच्या पाकिटावर पुन्हा आवळू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे हा टप्पा सोडा. मग पहिली भरलेली खेप, शक्यतो मानपूर किंवा भेरूघाटाचा चढ असलेली, आणि परतल्यावर थंड इंजिनवर एकदा शेवटची तपासणी. त्या वेळी एखादा नट अर्ध्या फेरीपेक्षा जास्त फिरला तर तिथला स्टड ताणला जातोय किंवा हेडमधून वर येतोय. तो एकटा नट आवळून गाडी पुढच्या खेपेला पाठवू नका, स्टड काढून आटे बघा.